घराजवळच फोटो कसे शोधायचे: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘फोटो काढायला कुठे जाऊ?’ उत्तरंही ठरलेलीच मिळतात. पावसाळ्यात ताम्हिणी, सप्टेंबरात कास, वारीच्या दिवसांत दिवेघाट. या जागा सुंदर आहेतच. पण तिथे वर्षातून एखाद्या वेळी जाणं होतं आणि एवढ्या सरावावर नजर तयार होत नाही. शिवाय तिथे पोचल्यावर शेजारच्या पन्नास जणांसारखाच फोटो मिळतो, कारण सगळे एकाच कठड्याला टेकून उभे असतात.

मी पुण्यात पेठेत राहते. माझे जे फोटो मला आजही काढून बघावेसे वाटतात, ते बहुतेक घर ते मंडई एवढ्याच पट्ट्यातले आहेत. घरी शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी जे क्रमानं सांगते तेच इथे लिहिते आहे. तुम्ही लातूरला असा, सावंतवाडीला किंवा डोंबिवलीला, जागांची नावं बदलतील, पायऱ्या त्याच राहतील. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: जागा तीच ठेवायची, वेळ बदलून बघायची आणि थांबायचं. बाकी सगळं त्यासाठीची तयारी.

काय काय लागेल

- कुठलाही बऱ्यापैकी कॅमेरा असलेला फोन. सुरुवातीला नवीन काही विकत घेऊ नका.
- लेन्स पुसायला मऊ सुती कापड. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतोच. त्यामुळे दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात आणि लोक म्हणतात, ‘फोनचा कॅमेराच खराब आहे.’
- पावसाळ्यात छत्री आणि झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी.
- छोटी वही. कुठल्या कोपऱ्यात किती वाजता ऊन येतं हे लिहायला.
- कॅमेरा आधीच असेल तर त्यावर एकच लेन्स. छोट्या सेन्सरच्या डीएसएलआर किंवा मिररलेसवर ३५ मिमीची साधी लेन्स पुष्कळ झाली. बॅग भरून लेन्स नेल्या की लक्ष बॅगेत राहतं.

ट्रायपॉड, फिल्टर, एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर, यातलं काहीही पहिले सहा महिने लागत नाही.

१. दहा मिनिटांच्या अंतरातली एक जागा ठरवा

घरापासून चालत दहा मिनिटांत पोचता येईल अशी एकच जागा निवडा. भाजीबाजार, एसटी स्टँड, इस्त्रीवाल्याची टपरी, सोसायटीचा जिना, नाहीतर स्वतःचं स्वयंपाकघर. अट एकच: आठवड्यातून दोन-तीनदा सहज जाता आलं पाहिजे. ‘मुद्दाम वेळ काढून’ जावं लागलं की जाणं बंद पडतं.

जागा अगदीच साधी वाटते म्हणून खट्टू होऊ नका. प्रागच्या योसेफ सुडेक या छायाचित्रकाराचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढू लागला आणि पुढे कितीतरी वर्षं तीच खिडकी काढत राहिला. काचेवरचं दव, बाहेरचं वाकडं झाड, खिडकीच्या कडेला ठेवलेला पाण्याचा पेला, एवढंच त्या फोटोंत आहे. आपल्याकडच्या होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. देश स्वतंत्र झाला त्या काळातल्या दिल्लीचे त्यांचे फोटो सगळ्यांना माहीत असतात. पण त्यांची सुरुवात मुंबईत झाली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना मैत्रिणी आणि शहरातलं रोजचं जगणं हेच त्यांचे विषय होते. ते फोटो सुरुवातीला त्यांचे यजमान माणेकशॉ यांच्या नावानं छापून येत, हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत फोटो काढलेच पाहिजेत असं नाही. कोण किती वाजता येतं, गाडी कुठे उभी राहते, सावली कुठपर्यंत सरकते, एवढं बघा आणि वहीत टिपा.

२. वस्तू बघण्याआधी उजेड बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा वेळ घेते. नवीन माणूस ‘काय’ आहे ते बघतो: मंदिर, फूल, म्हातारे आजोबा. तुम्ही आधी उजेड कुठून येतोय ते बघा. समोरून, पाठीमागून, बाजूनं, वरून? तो कशावर पडतोय आणि कशावर पडत नाही?

घरातच करून बघा. पूर्वेची खिडकी, सकाळचे आठ, ओट्यावर चहाचं पातेलं. खिडकीकडे पाठ करून फोटो काढलात तर वाफ जवळजवळ दिसत नाही, पातेलंही सपाट दिसतं. आता बाजू बदला. उजेड पातेल्याच्या मागून तिरका येईल आणि खिडकी मात्र फ्रेमबाहेर राहील असे उभे राहा. वाफेच्या मागे काहीतरी अंधारं येऊ द्या: फडताळ, बंद दार, फ्रिजची बाजू. लगेच वाफेचा एकेक पदर वेगळा दिसायला लागतो. पातेल्याच्या काठावर उजेडाची बारीक रेघ येते, चिमट्याच्या टोकावर एक ठिपका चमकतो. ओटा तोच आणि चहाही तोच, तुम्ही फक्त दोन पावलं सरकलात.

हा नियम पाठ करून ठेवा: वाफ, धूर, धूळ, पाऊस आणि उडणारं पाणी यांना उजेड मागून लागतो आणि मागे अंधार लागतो. अंगणात सडा घालणारा हात, वखारीतला भुसा, भट्टीचा धूर, पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्या, सगळीकडे हेच चालतं.

आता आपल्या भागातल्या उन्हाबद्दल, कारण परदेशी व्हिडिओ बघून इथे बराच गोंधळ होतो. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा सोनेरी उजेड तिकडे बराच वेळ टिकतो. महाराष्ट्रात सूर्य झपाट्यानं वर चढतो. तासाभरात ऊन कडक व्हायला लागतं, उन्हाळ्यात तर त्याआधीच. म्हणून सकाळी ‘आरामात निघू’ म्हटलं की उजेड गेलेला असतो. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दुपारी माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडतात. चेहऱ्याचे फोटो तेव्हा काढूच नका.

डिसेंबरात चित्र वेगळं असतं. पुण्यात ऐन दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला असतो. सावल्या दिवसभर लांब राहतात. दक्षिणेकडच्या गॅलरीत आणि खिडकीत ऊन थेट आत येतं आणि जिन्याच्या जाळीची नक्षी भिंतीवर पडते. मे-जूनमध्ये त्याच खिडकीत ऊन आत येत नाही, कारण सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडून जातो. तेव्हा घरातली दक्षिणेची खिडकी हिवाळ्यासाठी राखून ठेवा. दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ आहे असं माझं ठाम मत आहे. लंडनसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना तर डिसेंबरात दुपारी बारालाही जेमतेम १५ अंशांवरचा सूर्य मिळतो. ‘इथे ऊनच नसतं’ म्हणून त्यांनी हळहळू नये. ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिरकंच असेल.

भर दुपारी बाहेर पडावंच लागलं तर सावलीत उभे राहा आणि समोरच्या उन्हात न्हालेल्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड शोधा. अरुंद बोळात असा उजेड दुपारीही मऊ मिळतो. दुकानाच्या दारात, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला उभा असलेला माणूस अशा वेळी फार छान उजळतो.

पावसाळ्यात ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो. चेहरे, ओली पानं, शेवाळलेले दगड यांना तो मानवतो. अडचण होते ती पांढऱ्या फटफटीत आभाळाची. जून ते सप्टेंबर आभाळ शक्यतो फ्रेममध्ये घेऊच नका. कॅमेरा थोडा खाली वळवा, ओला रस्ता घ्या. दिवेलागणीला डांबरावर दुकानांचे दिवे उतरतात आणि आभाळ पूर्ण काळं होण्याआधी काही मिनिटं गडद निळं असतं. त्या वेळी छत्री घेऊन दारातच उभं राहावं.

दोन सापळे इथेच सांगते.

पहिला, निळी ताडपत्री. आठवडी बाजारात ताडपत्रीखाली सगळं निळं होतं. चेहरे आजारी दिसतात, टोमॅटो काळपट पडतात. एडिटिंग करून हे पूर्ण सुटत नाही. एकतर ताडपत्रीच्या कडेला, जिथे बाहेरचा उजेड पोचतो, तिथला माणूस घ्या, नाहीतर फोटो कृष्णधवल करा. पिवळ्या किंवा लाल कापडाखाली मात्र कधीकधी रंगच फोटोचा विषय होतो. तेव्हा त्याला तसंच राहू द्या.

दुसरा, ट्यूब आणि एलईडीखालचे आडवे पट्टे. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असल्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं. शटर म्हणजे फोटोसाठी कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे हे आकडे स्वतः ठरवता येतात तिथे, शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे बहुधा जातात.

३. आधी रंगमंच निवडा, मग पात्राची वाट बघा

रस्त्यावर नवीन माणूस माणसांच्या मागे धावतो. कोणी छान दिसलं की फोन वर. तोवर ते माणूस पुढे गेलेलं असतं आणि मागे विजेचा खांब, कचऱ्याचा डबा आणि अर्धी रिक्षा आलेली असते. क्रम उलटा करा. आधी मागची बाजू ठरवा: स्वच्छ भिंत, उन्हाचा पट्टा, दाराची चौकट. फ्रेम लावा, फोकस लावा, आणि त्यात कोणी येईपर्यंत तिथून हलू नका.

उदाहरणार्थ, आमच्या पुण्यातली महात्मा फुले मंडई. तिची दगडी इमारत १८८६ची. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेल्या इमारतीच्या बाजू. बाहेर लख्ख ऊन असतं तेव्हाही आत अंधारलेलं असतं. सकाळी कमानीतून ऊन तिरकं आत येतं आणि एखाद-दुसऱ्या गाळ्यावर पडतं. तो पट्टा सरकत राहतो. नवख्यांना मी सांगते, सगळी मंडई फिरू नका. पट्टा ज्या गाळ्यावर आहे तिथे, गिऱ्हाइकांच्या वाटेत न येता, बाजूला उभे राहा.

समजा तो पालेभाजीचा गाळा आहे. मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या रचून ठेवल्यात. मावशी डब्यातल्या पाण्यात हात बुडवतात आणि जुड्यांवर पाणी शिंपडतात. मग गिऱ्हाईक, मग मोड शोधणं, पदराच्या गाठीतून किंवा पोत्याखालून सुट्टे काढणं, आणि थोड्या वेळानं पुन्हा पाण्यात हात. रोजच्या प्रत्येक कामाला असा फेरा असतो. एकदा तो फेरा ओळखला की घाई करायचं कारण उरत नाही. पहिल्यांदा हुकलं तर दुसऱ्यांदा मिळणारच. पाणी हातातून सुटतं त्या क्षणी थेंब उन्हाच्या पट्ट्यात असतात आणि मागची कमान काळी असते. बोटं ताणलेली असतात, मनगटावरच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरलेल्या असतात. डोळे मात्र जुड्यांकडे नसतात, पुढच्या गिऱ्हाइकाकडे असतात. हे शेवटचं बघायला तुम्हाला तीन-चार फेरे जाऊ द्यावे लागतील.

इस्त्रीवाल्याचंही तसंच. पाण्याचा हबका, घडी, इस्त्री फिरवणं, झाकण उघडून निखारे चाळवणं. चहाच्या टपरीवर कपड्याच्या गाळणीतून धार. एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आत टाकलेला रुमाल, मग पिशवी, मग पोर. फेरा शोधा, त्यातला सगळ्यात भरलेला क्षण कुठला ते ठरवा आणि तिथे बटण दाबा. शंका असेल तर फोनच्या ‘बर्स्ट’ सोयीनं सलग फोटो घ्या, पण पूर्ण फेराभर ती चालू ठेवू नका. नंतर निवडताना जीव जातो.

४. फोनला तुमचं ऐकायला लावा

फोन स्वतःच्या मनानं सगळं उजळ करतो. त्याला अंधार आवडत नाही. तुमची सावली तो घालवून टाकतो आणि पायरी दोनची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून:

- सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेषा चालू करा. भिंती, दारं सरळ राहतात.
- ज्याच्यावर फोकस हवा तिथे बोट टेकवा. बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच पक्के होतात.
- मग शेजारी जे सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा. उन्हाच्या पट्ट्यातली वस्तू नीट दिसेपर्यंत खाली. बाकीचा भाग काळा झाला तर होऊ द्या.
- दोन बोटांनी झूम करू नका. मूळ १x लेन्स वापरा आणि पायांनी पुढे जा. ०.५x लेन्सनं कडेची माणसं ताणली जातात, चेहऱ्यांसाठी ती नकोच.
- चालणाऱ्या माणसासाठी शटर १/५०० च्या आसपास. पावसाच्या रेषा हव्या असतील तर १/६०, थेंब हवे असतील तर १/१०००.
- पोर्ट्रेट मोड बाजारात बंद ठेवा. तो केसांच्या कडा आणि तराजूच्या साखळ्या खातो. शिवाय मागचा बाजार पुसून टाकला तर फोटो कुठेही काढलेला असू शकतो.

५. जवळ जा, कमी घ्या, चारही कडा बघा

फ्रेममध्ये एक गोष्ट सांगायची आहे की पाच, हे आधी ठरवा. दुकानदार, दुकान, पाटी, गिऱ्हाईक आणि वर लोंबणाऱ्या वायरी सगळं एकदम घेतलं की काहीच दिसत नाही. वजनं ठेवणारा हात पुरेसा असेल तर हातच घ्या.

बटण दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लावा. डोक्यातून उगवलेला खांब, कडेला अर्धी कापलेली चप्पल, कोपऱ्यातली चमकणारी प्लॅस्टिकची पिशवी, हे सगळं तिथेच दिसतं आणि अर्धं पाऊल सरकलं की जातं. दुसरी सवय उंचीची. सगळे जण उभ्यानं, छातीच्या उंचीवरून फोटो काढतात. जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईंचा फोटो उभ्यानं काढला की आपण त्यांच्याकडे वरून बघतोय हे त्यात दिसतं. खाली बसा. चांगला फोटो मिळतो आणि बोलणंही सोपं होतं.

सरावासाठी एक काम देते. घरातला हातभर चौरसाचा तुकडा निवडा: देव्हाऱ्याचा कोपरा, मोरीची कड, चपलांचं रॅक. तिथलं काहीही न हलवता, नवं काही न मांडता, वीस वेगळे फोटो काढा. पहिले सात-आठ सहज होतात. मग कंटाळा येतो. खरं बघणं त्यानंतर सुरू होतं, म्हणून वीस पूर्ण करा.

६. माणसांचे फोटो: विचारा, बोला, परत जा

याबाबत मी आग्रही आहे. दुरून लपून, लांब लेन्सनं माणसं ‘टिपणं’ मला मान्य नाही. झोपलेले, भीक मागणारे, नशेत पडलेले, रडणारे यांचे फोटो काढू नका. त्यांना नाही म्हणायची संधीच नसते. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, मग मूल कितीही गोड हसत असलं तरी.

विचारायचं कसं, याची भीती सगळ्यांनाच वाटते. आधी थोडी खरेदी करा. कोथिंबीर नाहीतरी लागतेच. मग सरळ विचारा, ‘मावशी, तुमचा काम करताना फोटो काढू का?’ हमखास उत्तर येतं, ‘माझा कशाला काढतेस? भाजीचा काढ.’ म्हणजे नकार नसतो, पण होकारही पुरता नसतो. खरंच भाजीचा काढा, तो त्यांना दाखवा. मग बहुधा त्याच पदर सारखा करून बसतात. ताठ बसलेला, कॅमेऱ्याकडे बघणारा हा पहिला फोटोही मनापासून काढा, कारण तो त्यांना हवा असलेला फोटो आहे. त्यानंतर फोन खाली घ्या, गप्पा मारा. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली की त्या तुम्हाला विसरतात आणि कामाला लागतात. तुम्हाला हवा तो फोटो तेव्हा मिळतो.

कोणी ‘नको’ म्हटलं तर ‘बरं काका, हरकत नाही’ म्हणायचं आणि फोन खिशात. वाद घालायचा नाही. काढलेला पुसून टाका म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसायचा आणि कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढायचा. फोटो कुठे टाकणार आहात तेही आधीच सांगा. घरात ठेवणं वेगळं आणि इन्स्टाग्रामवर टाकणं वेगळं. स्पर्धेला पाठवायचा असेल किंवा कोणी विकत घेणार असेल, तर नाव, तारीख आणि वापर लिहिलेला साधा मराठी संमतीचा कागद करून सही घ्या.

७. कॅमेरा कुठे बाहेर काढायचा नाही

लष्कराची हद्द, दारूगोळा कारखाने आणि त्यांच्या भिंतींजवळ फोटो काढायचे नाहीत. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या परिसरात हे विशेष लक्षात ठेवा, कुठून हद्द सुरू झाली ते चालता चालता कळत नाही. लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, तिथेही तेच. मंदिरांच्या गाभाऱ्यात बऱ्याच ठिकाणी मनाई असते, पाटी बघा, नाहीतर पुजाऱ्यांना विचारा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. सोसायटीत शेजाऱ्यांच्या खिडक्या फ्रेममध्ये येत असतील तर आधी त्यांच्याशी बोला. दवाखाना आणि स्मशान इथे फोन बाहेर काढूच नये.

८. त्याच दिवशी निवडू नका

काढल्या काढल्या तिथल्या तिथे फोटो पुसायचे नाहीत. छोट्या स्क्रीनवर, उन्हात, घाईत नीट दिसत नाही. शिवाय त्या दिवशी तुम्हाला फोटोपेक्षा काढण्याची धडपडच जास्त आठवत असते. एक आठवडा जाऊ द्या.

मग निवडताना दोन प्रश्न विचारा. जागा आणि माणूस ओळखीचा नसता तरी मी या फोटोपाशी थांबले असते का? आणि यातलं काय काढून टाकलं तर फोटो पडेल? दुसऱ्याचं उत्तर देता आलं नाही तर फोटोत कणा नाही असं समजा. चाळीसातून दोन उरले तरी दिवस चांगला गेला. उरलेले महिन्याभरानं पुन्हा एकदा चाळा, मगच पुसा.

एडिटिंग थोडंच. क्षितिज किंवा भिंत सरळ करा, कड थोडी कापा, उजेड आणि सावली हवी तेवढी करा, बस. रंगांची पट्टी उजवीकडे ओढत नेऊ नका. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल मुळातच गडद असतो, आणखी ओढला की त्यातल्या घड्या आणि पोत नाहीसे होतात.

मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. गुगलच्या खात्यात मोफत मिळणाऱ्या १५ जीबीतच मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं बसवायचं असतं, ते भरतं. छोटी हार्ड डिस्क घ्या आणि महिन्याच्या शेवटी त्यात कॉपी करा. फोल्डरला जागेचं नाव आणि महिना द्या, ‘मंडई, डिसेंबर’ असा. पुढच्या डिसेंबरात पट्टा कुठल्या गाळ्यावर पडतो ते शोधायला हेच फोल्डर कामी येतं.

९. प्रिंट काढा आणि ज्यांचा फोटो आहे त्यांना द्या

स्क्रीनवर ठीक वाटणाऱ्या फोटोतल्या चुका कागदावर लगेच दिसतात, आणि काही फोटो कागदावरच उभे राहतात. म्हणून निवडलेल्यांचे प्रिंट काढाच. फोटो दिलेल्या माणसाकडे पुढच्या वेळी तुम्ही अनोळखी म्हणून जात नाही.

लॅबमध्ये जाताना तीन गोष्टी सांभाळा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो आकारानं बारीक होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर मूळ फाइल न्या. दुसरं, फोनचा फोटो ४:३ प्रमाणात असतो आणि ६ बाय ४ इंचाचा प्रिंट ३:२ प्रमाणात. काही न सांगता दिलात तर लॅबवाले कड कापतात आणि डोक्यावरची पाटी किंवा पायाखालची सावली जाते. घरीच ३:२ प्रमाणात कापून न्या, नाहीतर ‘पूर्ण फ्रेम, कडेला पांढरी पट्टी’ असं स्पष्ट सांगा. तिसरं, मापाची भीती बाळगू नका. ६ बाय ४ इंचाला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनमधून भिंतीवर लावण्याजोगा १० बाय १३ इंचाचा प्रिंटही नीट निघतो, मात्र झूम केलेला नसावा.

चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात. गाळ्यावर, टपरीवर देणार असाल तर मॅट घ्या, आणि शक्य असेल तर लॅमिनेट करून द्या, कारण तिथे पाणी, पीठ, कोळसा यातलं काहीतरी असतंच. मागे जागा आणि तारीख बारीक परमनंट मार्करनं लिहा. शाई पूर्ण वाळेपर्यंत प्रिंट एकमेकांवर ठेवू नका.